थांबवणारी गोळी



स्त्रियांच्या अंकात पिस्तुलाच्या गोळीवर संपादकीय कशासाठी, असं तुमच्यापैकी काहीजणींना वाटेल. संपादक गटातही आधी तेच म्हणणं पडलं. पण गेल्या वर्षभरात तरुण मुलींच्या शिबिरांत स्वसंरक्षणाचं सत्र सुरू झालं की कुणीतरी हमखास मोबाइल पुढे करते. त्यात अमेरिकेतल्या एखाद्या काडतूस कंपनीची फिल्म असते. पारदर्शक जेलीच्या ठोकळ्यात गोळी शिरते, फुलासारखी उमलते, पाकळ्या सुट्या होऊन चारी बाजूंना घुसतात. हल्लेखोर एका गोळीत जागच्या जागी थांबणार, असं सांगितलं जातं. आणि मग प्रश्न येतो, “ताई, आपण लायसन्सची आणि असल्या गोळीची मागणी का करत नाही?”

हा प्रश्न विचारणाऱ्या मुली रिकामटेकड्या नाहीत. कुणी रात्रपाळी संपवून रिक्षाने घरी येते, कुणी एमआयडीसीच्या अंधाऱ्या रस्त्याने चालत येते. त्यांच्या भीतीवर प्रवचन देण्याचा आमचा विचार नाही. स्वतःचं शरीर वाचवण्यासाठी प्रतिकार करण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे. पूर्वी भारतीय दंडविधानाच्या कलम १०० मध्ये तो होता, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. बलात्काराच्या किंवा ॲसिड फेकण्याच्या हेतूने हल्ला झाला आणि प्रतिकार करताना हल्लेखोराचा जीव गेला, तरी तो गुन्हा ठरत नाही. तेव्हा ‘बायकांनी हत्याराला हात लावू नये’ असं आम्ही म्हणणार नाही. ते सांगायला आपापल्या घरातले पुरुष पुरेसे आहेत.

आमचा प्रश्न वेगळा आणि साधा आहे. विकणारा जे सांगतो ते खरं आहे का? ते कुणी तपासलं? कुणावर तपासलं? नेट-एन आणि डेपो-प्रोव्हेराच्या वेळी हेच प्रश्न विचारायला आपण शिकलो. ‘बायकांच्या सोयीसाठी’ असा शिक्का मारून एखादी वस्तू बाजारात आली की तिचे कागद मागायचे, ही सवय चळवळीने आपल्याला लावली. तीच इथे वापरू.

या फिल्मांमध्ये सगळ्यात गाजलेली गोळी २०१४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या जी-टू रिसर्च नावाच्या कंपनीने आणली. नाव ‘आर.आय.पी.’, म्हणजे थडग्यावर कोरतात ती अक्षरं. गोळी तांब्याची, तोंडाशी आठ टोकदार पाकळ्या. शरीरात शिरल्यावर पाकळ्या सुट्या होतात आणि बुडखा धरून नऊ वेगवेगळ्या जखमा होतात, असा दावा. तुम्हाला लागणारी ही शेवटची गोळी, अशा थाटाची जाहिरात होती. नंतर कंपनीशी संबंध नसलेल्या लोकांनी ती विकत आणून त्याच जेलीच्या ठोकळ्यांवर झाडून पाहिली. पाकळ्या सुट्या झाल्या, दिसायला भीषण दिसलं, पण त्या काही इंचांवरच थांबल्या. पुढे गेला तो नुसता बुडखा, आणि तो न उमलता, साध्या गोळीसारखाच गेला. यात नवल काही नाही. एक भाकरी नऊ जणींत वाटली म्हणून नऊ भाकऱ्या होत नाहीत. वजन तेवढंच, वेग तेवढाच. तुकडे जितके जास्त, तितका प्रत्येक तुकडा दुबळा.

पण काही इंच म्हणजे कमी की पुरेसे, हे कशावरून ठरवायचं? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी शहरात एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेची माणसं आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच गोळी लागली. ती त्या काळची आधुनिक, उमलणारी, हलकी आणि वेगवान गोळी होती. दंडातून छातीत शिरली, फुफ्फुस फाडलं आणि हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. ती जखम त्याला वाचू देणारी नव्हती. तरीही तो लढत राहिला. चकमक संपली तेव्हा एफबीआयचे दोघे मेले होते आणि पाच जखमी झाले होते. त्यानंतर त्या संस्थेने डॉक्टर आणि तज्ज्ञ बोलावले. त्यांत मार्टिन फॅकलर हे लष्करातले सर्जन होते, ज्यांनी गोळीच्या जखमांचा अभ्यास करण्यात हयात घालवली. १९८९ मध्ये एफबीआयने एक टिपण काढलं. आजही या विषयावर जाणकार बोलतात ते त्याच्याच आधाराने.

त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, पिस्तुलाची गोळी माणसाला ‘पाडत’ नाही. सिनेमात गोळी लागलेला माणूस मागे उडतो ते दिग्दर्शक सांगतो म्हणून. हिशेब करून बघा. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी सुमारे साडेसात ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर. तेवढाच धक्का क्रिकेटचा चेंडू ताशी साठ किलोमीटरच्या आतल्या वेगाने आला तरी बसतो. गल्लीतली मुलं त्याहून जोरात टाकतात. दुसरी गोष्ट, मेंदू किंवा मानेजवळचा मणका सोडला तर शरीरात अशी जागा नाही जिथे गोळी लागताच माणूस निश्चित थांबेल. हृदय बंद पडलं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल एवढा प्राणवायू असतो. तुमच्यापासून दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसाला दहा सेकंद खूप होतात. म्हणून त्या टिपणाने चमत्काराची भाषा सोडून दिली. गोळी निदान बारा इंच आत जायला हवी आणि नेम धरलेल्या जागी लागायला हवी, इतकंच मागितलं. पाकळ्यांच्या गोळीचे तुकडे या पहिल्याच अटीला उतरत नाहीत.

उमलणाऱ्या गोळ्या सगळ्याच थोतांड, असं मात्र म्हणता येणार नाही. अनेक देशांचे पोलीस त्या वापरतात. गोळी आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला लागू नये, हे त्यामागचं एक कारण आहे आणि ते समजण्यासारखं आहे. थोतांड आहे ती ‘एका गोळीत थांबतो’ ही खात्री.

ही खात्री आकड्यांतही मांडली गेली आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत मार्शल आणि सॅनो या दोघांनी पुस्तक लिहून कुठल्या काडतुसाने किती टक्के लोक ‘एका गोळीत थांबले’ याचे तक्ते दिले. कंपन्यांना आणि शस्त्रांच्या मासिकांना ते फार आवडले. पण तक्ते केले कसे? ज्या घटनांत एकच गोळी लागली तेवढ्याच घटना धरल्या. पहिल्या गोळीने माणूस थांबला नाही म्हणून दुसरी, तिसरी झाडावी लागली, त्या घटना मोजणीतून बाहेर. म्हणजे जिथे गोळी अपयशी ठरली तीच उदाहरणं वगळायची आणि उरलेल्यांवर टक्केवारी काढायची. फॅकलर आणि इतरांनी यावर कडक टीका केली. आपल्याकडच्या वाचकांना ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको. मुलगाच होईल असं औषध देणारा वैदू असतो. मुलगी झाली तर पैसे परत, अशी त्याची हमी. निम्म्या बायकांना मुलगा होणारच असतो. त्या गावभर सांगत सुटतात. उरलेल्या निमूटपणे पैसे परत घेतात, नाहीतर तेही घेत नाहीत. वैद्याच्या वहीत नाव फक्त पहिल्यांचंच.

शिवाय गोळी लागलेले पुष्कळ लोक थांबतात ते घाबरून, दुखलं म्हणून किंवा पिस्तूल दिसलं म्हणून. ते कुठल्याही गोळीने थांबले असते. त्याचं श्रेय पाकळ्यांना द्यायचं कारण नाही.

‘थांबवण्याची ताकद’ या कल्पनेचा जन्म कुठे झाला, हेही सांगायला हवं, कारण त्यात आपला देश आहे. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेनंतर इंग्रज सैनिकांनी तक्रार केली की नव्या, लहान तोंडाच्या रायफलच्या गोळीने वायव्य सरहद्दीवरचे पठाण थांबत नाहीत, गोळी लागूनही चालून येतात. तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात बर्टी-क्ले नावाच्या अधिकाऱ्याने टोकाला मऊ, शरीरात फुटून पसरणारी गोळी बनवली. ‘डमडम’ हा शब्द जगभर गेला तो तिथून. १८९९ च्या हेगच्या परिषदेत युद्धात अशी गोळी वापरू नये असा ठराव आला. तेव्हा इंग्लंडचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी विरोध करताना मांडलेला मुद्दा असा होता, की सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की मागे सरतो, रानटी माणूस मात्र गोळी लागली तरी धावून येतो. पुढे फिलिपीन्समध्ये अमेरिकी सैनिकांनी मोरो लोकांबद्दल तेच गाऱ्हाणं गायलं. त्यातून १९०४ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर आणि माणसांच्या प्रेतांवर गोळ्या झाडून ‘थांबवण्याची ताकद’ मोजण्याचा प्रयोग झाला. दुसऱ्याच्या घरात घुसलेल्या माणसाला घरमालक थांबत नाही याचं आश्चर्य वाटावं, यात सगळं आलं. आजच्या जाहिरातीतला हल्लेखोरही बहुधा तसाच रंगवतात. अनोळखी, अमानुष, नशेत, वेदना न कळणारा. अशा राक्षसासाठीच राक्षसी गोळी लागते. आपल्याकडे हा राक्षस कुठल्या वस्तीतला, कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा रंगवला जाईल, ते सांगायला नको.

बरं, हे दावे तपासायची जबाबदारी कुणाची? अमेरिकेत ग्राहकांच्या वस्तू सुरक्षित आहेत का हे पाहणारा आयोग १९७२ च्या कायद्याने झाला. खेळण्यातलं अस्वल, पाळणा, गवत कापायचं यंत्र, सगळं त्याच्या कक्षेत येतं. बंदुका सुरुवातीपासूनच बाहेर ठेवल्या होत्या. पिस्तुलाची काडतुसं तरी घातक वस्तू म्हणून बंद करा, असा अर्ज १९७४ मध्ये शिकागोच्या एका नागरिक गटाने केला. दोन वर्षांत तिथल्या संसदेने कायद्यात दुरुस्ती करून काडतुसांच्या बाबतीतही आयोगाचे हात बांधले. त्यामुळे अस्वलाचा डोळा निघून मुलाच्या घशात जाणार नाही याचा पुरावा कंपनीला द्यावा लागतो. गोळी जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे चालते याचा कसलाही पुरावा त्या आयोगाला द्यावा लागत नाही.

इथे चळवळीतल्या लोकांनी लक्षात ठेवावं असं एक प्रकरण आहे. विंचेस्टर कंपनीने १९९१ मध्ये ‘ब्लॅक टॅलन’ नावाची गोळी काढली. काळा रंग, उमलल्यावर नख्यांसारखी टोकं. जुलै १९९३ मध्ये सॅनफ्रान्सिस्कोतल्या एका कार्यालयात झालेल्या गोळीबारात ती वापरली गेली आणि ‘खुनी गोळी’ म्हणून तिच्याविरुद्ध ओरड झाली. त्याच वर्षी कंपनीने ती सर्वसामान्यांना विकणं थांबवलं. जखमांचा अभ्यास करणारे सांगत होते की इतर उमलणाऱ्या गोळ्यांपेक्षा ती फार वेगळी नाही. पण तोवर तिची कीर्ती झाली होती. पुढच्याच वर्षी, १९९४ च्या अखेरीस, अलाबामातल्या एकाने ‘ऱ्हायनो’ नावाच्या गोळीची घोषणा केली. तिने झालेल्या जखमेतून माणूस वाचूच शकत नाही म्हणे. वर्तमानपत्रं, पुढारी, शस्त्रविरोधी संघटना सगळे तुटून पडले. गोळी बाजारात आलीच नाही, आणि ती होती तरी का, अशीच शंका नंतर घेतली गेली. विकणारा म्हणाला भयंकर आहे, विरोध करणारे म्हणाले हो हो, भयंकरच आहे. तपासलं कुणीच नाही. आपण निषेधाची पत्रकं काढतो तेव्हा हे ध्यानात ठेवायला हवं. काही जाहिरातींना विरोधकच पैसे न घेता पुढे नेतात.

आता बाईकडे येऊ. अमेरिकेत पुरुषांची पिस्तूल खरेदी मंदावली तेव्हा कंपन्यांना बायका आठवल्या. १९८९ मध्ये स्मिथ अँड वेसनने खास बायकांसाठी ‘लेडीस्मिथ’ पिस्तुलं काढली. १९९२ मध्ये कोल्ट कंपनीने बायकांच्या एका प्रतिष्ठित मासिकात जाहिरात दिली. आई लेकराला झोपवते आहे, आणि स्वसंरक्षण हा तुमचा हक्कच नव्हे तर जबाबदारी आहे, असा तिचा सूर. बघा, आईपणाच्या जबाबदाऱ्यांच्या यादीत आणखी एक भर! मुलाला डबा, अभ्यास, ताप, आणि आता घरात शिरणारा चोर.

आपल्याकडे याचं भावंड जानेवारी २०१४ मध्ये आलं. दिल्लीच्या १६ डिसेंबर २०१२ च्या बलात्कारानंतर सगळा देश रस्त्यावर आला. त्यानंतर वर्षभराने कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. नाव कुणावरून घेतलं ते उघड आहे. पॉइंट ३२ बोअरचं, वजन पाचशे ग्रॅम, पर्समध्ये मावेल असं. किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. आणि ते मिळे दागिन्यांच्या डबीसारख्या मरून पेटीत, कारण भारतीय बायकांना दागिने आवडतात! मणिपूरच्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी तेव्हा सडकून टीका केली होती. बंदुकीने विधवा झालेल्या बायकांबरोबर त्या काम करतात. बायकांना हत्यार घ्या म्हणून सांगणं ही संरक्षण देता न आल्याची सरकारने दिलेली कबुली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आम्ही त्यात एवढीच भर घालू, की ज्या मुलीच्या नावाचा आधार घेतला तिच्या घरच्यांनी ही पेटी विकत घेण्यासाठी आणखी एखादी जमीन विकायची होती का?

याच काळात मुंबईत एका राजकीय पक्षाने बायकांना चाकू वाटले. चेन्नईच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी विजेचा झटका देणारं अंतर्वस्त्र बनवल्याच्या बातम्या छापून आल्या. झटक्याचा आकडा ३८०० किलोव्होल्ट. विजेच्या मोठ्या मनोऱ्यावरच्या तारांतही एवढा दाब नसतो, पण छापणाऱ्यांना तो खटकला नाही. बाईच्या सुरक्षिततेचा विषय असला की आकडा तपासायची गरज कुणाला वाटत नाही.

अमेरिकेतली ती पाकळ्यांची गोळी तूर्त आपल्या हाती येण्यासारखी नाही. परदेशी काडतुसं, नामांकित नेमबाज वगैरे अपवाद सोडले तर, खासगी माणसाला आयात करता येत नाहीत. परवाना मिळाला तरी वर्षाला ठरावीकच काडतुसं मिळतात, त्यामुळे सराव नावापुरता. पण प्रश्न गोळीच्या जातीचा नाहीच. हल्ला करणारा वेळ ठरवतो, जागा ठरवतो, तो जवळ आलेला असतो आणि त्याच्या हातात आधीच काही असतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्याच्या पुलावर फिरायला निघाले होते. गोविंद पानसरे आणि उमाताई १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात सकाळचं फिरून घरी येत होते. मारेकऱ्यांना कुठल्याही नव्या, चमत्कारी गोळीची गरज पडली नाही. पाळत ठेवली, जवळ आले, तेवढं पुरलं. ही मारणाऱ्याची सोय आहे. वाचणाऱ्याला ती कुठल्याच काडतुसाच्या डबीत मिळत नाही.

आणि बाईच्या बाबतीत तर ‘जवळ’ या शब्दाचा अर्थ आणखी वेगळा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, लग्न झालेल्या दर शंभरातल्या २९ बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसणाऱ्या बायकांपैकी मदत मागितली ती फक्त १४ टक्के जणींनी. बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचं प्रमाण गेली अनेक वर्षं नव्वद टक्क्यांच्या वर आहे. नवरा, दीर, शेजारी, लग्नाचं वचन देणारा, वरिष्ठ. जाहिरातीतल्या अनोळखी राक्षसासाठी बनवलेली गोळी यातल्या कुणावर झाडायची? झोपलेल्या नवऱ्यावर? आणि तिचं पिस्तूल घरात ठेवलं तर कपाटाची किल्ली कुणाकडे असेल?

याचं उत्तर अमेरिकेतल्या संशोधनात आहे, आणि ते जाहिरातीत कधी दिसणार नाही. जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिका-संशोधक बाईंनी सहकाऱ्यांबरोबर अमेरिकेतल्या अकरा शहरांत जोडीदाराने केलेल्या बायकांच्या खुनांचा अभ्यास केला. तो २००३ मध्ये छापून आला. मारहाण करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असेल तर खुनाचा धोका पाचपट होतो, असं त्यात आढळलं. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडे स्वतःचं पिस्तूल नाही, पण घरातल्या दुसऱ्या माणसाकडे आहे, अशा लाखो लोकांची २००४ ते २०१६ या काळातली नोंद त्यांनी पाहिली. बिनपिस्तुलाच्या घरांशी तुलना केली तर घरातच जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण अशा लोकांत सातपटीहून जास्त निघालं. आणि असे मेले त्यांत ८४ टक्के बायका होत्या.

आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायकांत बंदुकीचं घर क्वचित असतं, पण असतं. सुरक्षारक्षकाची बायको येते, शेतीसाठी परवाना घेतलेल्या मोठ्या घरातली सून येते, पोलिसाची बायको येते. गोळी झाडल्याचं त्या सांगत नाहीत. सांगतात ते असं की भांडण सुरू झालं की तो कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवतो, बोलत काही नाही. त्या ‘थांबतात’. एकही गोळी न झाडता थांबवण्याची ताकद ती हीच.

म्हणून अमेरिकेतल्या स्त्री संघटनांनी कुठली लढाई लढली ते बघण्यासारखं आहे. त्यांच्यातही मतभेद आहेत, बंदूक बाळगणाऱ्या स्त्रीवादी तिथे आहेत. पण कायद्यात त्यांनी जे मिळवलं ते मारकुट्या माणसाच्या हातातली बंदूक काढून घेण्याचं. जोडीदाराला मारहाण केल्याबद्दल किरकोळ गुन्ह्यातही शिक्षा झाली तर बंदूक बाळगता येणार नाही, अशी दुरुस्ती १९९६ मध्ये झाली. ज्याच्याविरुद्ध न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे त्याच्यावर अशीच बंदी आहे. ती घटनेला धरून आहे असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये रहिमी खटल्यात दिला, तोही आठ विरुद्ध एक अशा मतांनी. बंदुकांना इतकं मोकळं रान देणाऱ्या न्यायालयालाही हे नाकारता आलं नाही.

आपल्याकडे काय करता येईल? कायदा नाही असं नाही. शस्त्र कायद्याच्या कलम १७ प्रमाणे परवाना देणारा अधिकारी सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा धारक अयोग्य ठरल्यास परवाना स्थगित किंवा रद्द करू शकतो. कौटुंबिक हिंसाविरोधी कायद्याच्या २००६ च्या नियमांत, न्यायालयाने आदेश दिल्यास हिंसेत वापरलेलं हत्यार, गरज पडल्यास पोलिसांचं साहाय्य घेऊन, जप्त करणं हे संरक्षण अधिकाऱ्याचं काम म्हणून लिहिलेलं आहे. पण ते मागायचं असतं हे वकिलालाही पुष्कळदा सुचत नाही, कारण अर्ज भरताना ‘घरात हत्यार आहे का’ हा प्रश्नच कुणी विचारत नाही. कॅम्पबेल बाईंच्या धोका-तपासणीच्या प्रश्नावलीत तो आहे. आपल्या केंद्रांच्या फॉर्मवरही तो यायला हवा, आणि फक्त परवान्याच्या बंदुकीपुरता नको. गावठी कट्टा, तलवार, कोयता, ॲसिडची बाटली, सगळं विचारायचं. परवान्याचं हत्यार असेल तर नंबर, परवाना कुणाच्या नावे, काडतुसं किती, ती कुठे ठेवतो, तेही लिहून घ्यायचं.

ठाण्यात गेल्यावर ‘लायसन्सचं हत्यार असं कसं काढून घेणार, ताई?’ असं ऐकावं लागेल. त्यावर आठवण करून द्या की प्रत्येक निवडणुकीत आचारसंहिता लागली की पोलीस छाननी करून शेकडो परवानाधारकांची हत्यारं जमा करून घेतात आणि निवडणूक संपल्यावर परत देतात. पावती-पुस्तक तयार आहे, कपाट तयार आहे, पद्धत सगळ्यांना पाठ आहे.

आमच्या गटाने दोन अर्जांचे मसुदे केले आहेत, एक परवाना स्थगितीसाठी पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, दुसरा संरक्षण आदेशाबरोबर हत्यार जमा करून घेण्याची विनंती करणारा दंडाधिकाऱ्यांच्या नावे. पत्र पाठवणाऱ्या गटांना ते पाठवू. तुमच्या तालुक्यात कुणी असा अर्ज केला असेल, मंजूर झाला असेल किंवा फेटाळला असेल, तर तारखेसह कळवा. फेटाळताना अधिकाऱ्याने दिलेलं कारण जसंच्या तसं लिहा, बाईचं नाव-गाव मात्र लिहू नका. पुढच्या अंकासाठी पत्रं महिनाअखेरपर्यंत पोचायला हवीत.